बाबांच्या खुब्यातला गोळा

काल डॉक्टर म्हणाले, "तुमच्या खुब्यात गोळा बसवावा लागेल," आणि मला ओल्या राखेचा वास आला. बाबांच्या अस्थी वेचताना त्यांच्या खुब्यातला स्टीलचा गोळा हाती लागला होता, काळा पडलेला, जड. काका म्हणाले, "हे त लोखंड आहे, हाडूक नाही. फेकून दे." मला फेकवेना, घरी नेला. आई म्हणाली, "काहून फेकतं? त्याच्याच भरोशावर त चार वर्षं वावरात गेले ते." मग अस्थींसोबत तोही नदीत सोडला. अस्थी वाहून गेल्या, गोळा मात्र माझ्या पायाशीच बसला. तेव्हापासून उन्हाळ्यात नदी आटली की पुलावरून जाताना मी खाली पाहत नाही. काल दवाखान्यातून येताना मात्र गाडी थांबवून पाहिलं.