पांढरा की काळा

सलूनवाले दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा छाटत, पण वस्तरा धरणार नाही म्हणत घर सोडून गेलेल्या थोरल्याचं नावही काढत नसत. आज ते धाकटीला गेमचा कन्सोल घ्यायला आले होते.

"काळा घे. तुझ्या सगळ्या मैत्रिणींकडे तोच आहे. पांढऱ्यावरून त्यांच्याशी खेळता येत नाही म्हणे."

"पांढराच हवा, बाबा. दादाकडे पांढरा आहे. खेळता खेळता त्याच्याशी बोलताही येईल."

"तुला काय ठाऊक?"

"बघितलाय की. आई आणि मी दर रविवारी जातो."

सलूनवाल्यांनी हातातला काळ्याचा खोका खाली ठेवला. रविवारी दोघींना मावशीकडच्या बसमध्ये तेच बसवून देत.

ते दुकानदाराकडे वळून म्हणाले, "पांढरा द्या. पलीकडच्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो ना?"