हिरव्या दाराचा मंगळवार

नसरीन मॅडमविषयी मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. त्यांना ओळखणारी माणसं मंगरूळपीरमध्ये पुष्कळ आहेत. मी फक्त माझ्या धाकट्या भावाला त्यांच्याकडे घेऊन जात होतो. आमच्या तांड्यावरून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अशा माणसाबद्दल काय लिहावं आणि काय लिहू नये हे मला नीट कळत नाही. त्यात बातमी ऐकल्यापासून आत काही हलत नाही. रडूही येत नाही. काही चुकलं तर त्यांच्या घरच्यांनी माफ करावं.

माझा भाऊ सोनू सात वर्षांचा आहे. तो बोलत नाही. थांबावं लागलं की किंचाळतो, डोकं आपटतो, हात सुटला की पळतो. अशा मुलांना वागणं शिकवायचं, हे नसरीन मॅडमचं काम. त्यांच्या भावाच्या भांड्यांच्या दुकानावर त्यांची खोली होती. तिचं दार हिरवं होतं.

पहिल्या दिवशी मी सोनूचे दवाखान्याचे कागद पुढे केले. त्यांनी ते बाजूला सारले.

“पोराचं मंग. पयले गाडीचं सांग. कशानं आले? किती थांबले?”

नवीन कोणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. मग त्यांनी मला बैठकांचं वेळापत्रक मांडून आणायला सांगितलं. मी कॉलेजातल्यासारख्या रेघा मारून आणल्या. मंगळवार, सकाळी दहा ते अकरा. त्यांनी कागद पाहिला.

“हे जीपवाल्याले दाखवलं का, विनोद?”

आमच्या तांड्याजवळच्या मानोऱ्याहून सुटणारी जीप घड्याळावर निघत नाही, भरली की निघते. तोवर सोनू रडून रडून थकलेला असायचा आणि मंगरूळपीरला पोचेपर्यंत निम्मा झोपलेला.

“थकलेल्या लेकराले मी काय शिकवू? आपली पयली बैठक जीपमंदीच होईन.”

एकदा माझी याडी, म्हणजे आई, सोबत आली. दिवाळी झाली की आमच्या घरचे ऊसतोडीच्या टोळीत जातात आणि सोनूला नेल्याशिवाय इलाज नसतो. मॅडमनी विचारलं, “मागच्या साली तिथं याचं काय केलं, ताई?”

याडी खाली पाहून बोलली. “खोपीच्या बल्लीले बांधला, बाई. ओढनीनं. पायाले. ट्रॅक्टर येते, जाते. आमच्या हातात कोयता राह्यते. मारला नाही कधी.”

मला वाटलं, आता मॅडम रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, “काचत होतं का त्याले?”

याडीनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

“यंदा बांधा लागू नये,” मॅडम म्हणाल्या. “दिवाळीपावतर आपलं काम येवढंच. थांबनं. बोलन का नाही बोलन, ते मंग पाहू.”

पुढच्या मंगळवारी त्या स्वतः मानोऱ्याच्या स्टँडवर आल्या. हातात अंड्यांच्या ट्रेचा तुकडा होता. जीपमध्ये जेवढी माणसं बसतात तेवढेच खळगे ठेवून तो कापलेला. एक माणूस चढला की सोनूनं एका खळग्यात एक चिंचोका टाकायचा. खळगे भरले की गाडी निघणार. पहिल्या दिवशी सोनूनं सगळे चिंचोके रस्त्यावर फेकले आणि मॅडमच्या हाताला चावला. त्यांनी हात झटकला नाही. “चाव, राजा. गाडी तरी भरल्याबिगर निघत नाही.”

त्यानंतर दर मंगळवारी त्या जीपमध्येच भेटू लागल्या. जीपवाला गजूभाऊ त्यांना चिडवायचा. “मॅडम, माह्या जीपची शाळा करून टाकली तुमी.”

“मंग टाइमावर निघत जाय.”

“टाइमावर निघालो तर तुमची शाळा बंद पडन.”

हळूहळू प्रवासीही चढता चढता हाक देऊ लागले, “टाक रे सोनू, माहा चिंचोका.” एका जाड्या मावशीनं स्वतःचे दोन टाकायला सांगितले. मॅडम हसल्या, पण दुसरा त्यांनी काढायला लावला. सोनूशी खोटं बोललेलं त्यांना चालत नसे.

बाकीचे दिवस त्यांनी याडीच्या कामात बसवून दिले. भाकरी थापताना थोडं, पाणी भरताना थोडं. “एक दिवस लय आन् मंग काहीच नाही, असं नको.” सोनूसाठी पुठ्ठ्याची एक पाटी केली. तिच्यावर दिवसाची चित्रं लावायची. मंगळवारी जीप, मग हिरवं दार, मग केळं, मग घर. एखादी बैठक रद्द झाली तर त्यांचं एकच सांगणं असायचं, “जे होनार नाही ते काढ, पन त्याच्या जागी दुसरं लाव. खाली जागा पाह्यली का लेकरू भेते.”

पावसाळा सरल्यावर सोनू जीपमध्ये न किंचाळता बसू लागला. मॅडम आता खोलीवरच वाट पाहू लागल्या. मग एका मंगळवारी त्या म्हणाल्या, “मले नागपूरले जा लागते. तपासनी हाय.” पुढच्या मंगळवारांची हिरव्या दाराची चित्रं त्यांनी स्वतः काढून घेतली, तिथे घराची चित्रं लावायला दिली. दिवाळीच्या आधीच्या मंगळवारासाठी मात्र दार ठेवलं. “त्या दिवशी या.”

“काही जास्त हाय का, मॅडम?”

“तुही परीक्षा कधी हाय?”

मी परीक्षेचं सांगितलं. पुन्हा विचारलं नाही. नंतर त्यांचा फोन लागला नाही.

ठरल्या मंगळवारी मी सोनूला घेऊन निघालो. पाटीवर हिरवं दार होतं. जीप बराच वेळ भरली नाही. सोनू मांडीवर ट्रे घेऊन बसला. माणसं येत होती, तो चिंचोके टाकत होता. शेवटी एक म्हातारे बाबा चढले आणि गजूभाऊ पुढे येऊन बसला. त्यानं आरशातून मला पाहिलं.

“मॅडमकडं चालले का, विनोदभाऊ?”

“हो.”

त्यानं चावी फिरवली नाही. “तुमाले कोनी सांगतलं नाही का? नागपूरलेच वारल्या त्या. शुक्रवारी.”

सोनूनं भरलेला ट्रे उचलून गजूभाऊच्या खांद्याशी धरला.