आबांनी लोळवून मोजलेली चाकं

गाडीला चार वर्षं झाली आणि टायर पार गुळगुळीत झाले. माझी नोकरी जळगावला, घर तिथल्याच पिंप्राळ्यात, आणि आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याला. दर पंधरवड्याला धुळ्याची फेरी ठरलेली. गाडी हायब्रीड, जराशी पेट्रोलवर आणि जराशी बॅटरीवर चालणारी.

टायरवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "ताई, टायर बदलताच आहात तर चाकंही बदला. आता सतराची आहेत, अठराची टाका. टायर रुंद. गाडी उठून दिसेल." त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. माझ्या गाडीसारखीच गाडी, काळी चकचकीत चाकं. खरं सांगते, मला आवडली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असलं काही आवडू नये असं थोडंच आहे! उद्या सांगते म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी आबांना डोळे तपासायला जळगावला आणायचं होतं. धुळ्याहून निघाल्यावर मी सहज विषय काढला. आबा मान मागे टेकून बसले होते.

"आत्ताना टायरवर काय लिखेल शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"दोनशे पंधरा, साठ, आर सतरा."

"आन् तो काय टाकू म्हणस?"

"दोनशे पंचवीस, पंचावन्न, आर अठरा."

आबांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "पहिले त्या दुकानवर चाल. डोया कुठं पळी जाई राह्यनात."

आबा आरोग्य खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. रविवारी ते कचेरीच्या आवारात जीप धूत आणि मी टायरवरची उठावाची अक्षरं बोटाने वाचत बसे. पहिला आकडा रुंदीचा, शेवटचा रिमचा, हे मला तिसरीतच कळत होतं. ओल्या रबराचा वास, आबांची दुमडलेली पॅंट आणि पाटीवरच्यासारखे मी खडूने गिरवलेले ते आकडे आजही डोळ्यांसमोर येतात.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला जीपमधून जळगावला नेलं होतं. लसींची पेटी घेऊन परत धुळ्याला यायचं होतं. त्याच आठवड्यात साहेबांनी जीपला जाडजूड, रुंद टायर बसवून घेतले होते. जीप ऐटबाज दिसत होती. पण प्रत्येक वळणावर पुढचं चाक मडगार्डला घासायचं आणि जळक्या रबराचा वास यायचा. पारोळ्याच्या अलीकडे तो टायर फुटला. जीप रस्ता सोडून एका बांधाला टेकली. मला काही झालं नाही, आबांच्या कोपराला खरचटलं. स्टेपनी जुन्या, अरुंद मापाची. ती लावल्यावर जीप सारखी एका बाजूला ओढायची. पेटीतला बर्फ वितळत चालला होता. पारोळ्यात एका सरबतवाल्याने गोणपाटात गुंडाळलेली अख्खी लादी काढून दिली. आबांनी ती फोडून पेटीत भरली आणि बैलगाडीच्या चालीने जीप धुळ्याला आणली. लस वाचली.

मला एवढंच माहीत होतं. त्यानंतर महिनाभर आबा रोज सहाच्या ठोक्याला घरी यायचे. आम्ही अंगणात चेंडू खेळायचो, संध्याकाळी भाजीबाजारात जायचो. माझ्या लहानपणातला तो सगळ्यात सुखाचा महिना.

दुकानात टायरवाल्याने आबांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "गाडीनं एक चाक काढ," म्हणाले. "आन् तुनं अठरानं आण."

अठराचं एक चाक टायर चढवून तयार होतं. आबांनी फरशीवर खडूने रेघ मारली, तशीच खूण टायरच्या खालच्या कडेला केली. चाक लोळवत नेलं आणि खूण परत जमिनीला टेकली तिथे दुसरी रेघ मारली. मग त्याच पहिल्या रेघेपासून जुन्या चाकाची पाळी. त्यांना रेघा नीट दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी दोन चाकांच्या शेवटच्या रेघांमध्ये बोटं टेकवून अंतर चाचपलं.

"चार बोटं. जुनं घसायेल शे, त्यानं दीड बोट सोडी द्या. तरी अडीच उरनात. मीटर कमी दखाडी, गाडी जास्त पळी. आन् वळावर मडगार्डले भिडनं तं?"

टायरवाला म्हणाला, "आबा, थोडं घासलं तर मडगार्ड आतून कापून देतो."

"चाक दखाडासाठे शे का चालासाठे?"

तो हसला. मग आबांनीच सोळाचं काही आहे का म्हणून विचारलं. याच गाडीच्या साध्या मॉडेलला सोळाची चाकं येतात. दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर दोन्ही मापं छापलेली होती, मी चार वर्षांत कधी वाचली नव्हती. दोनशे पंधरा, पासष्ट, आर सोळा. रिम लहान, रबर जास्त. लोळवलं, तर जेमतेम एका बोटाचा फरक.

"हाईच टाक. आपला रस्ता खड्डासना शे."

चाकं बसेपर्यंत आबा शेवटी खुर्चीत टेकले. टायरवाल्याने चहा मागवला आणि हे सगळं कुठे शिकलात म्हणून विचारलं. आबांनी त्याला जीपची गोष्ट सांगितली. शेवट मी पहिल्यांदाच ऐकला. धुळ्याला पोचल्यावर त्यांनी कुणाला न विचारता ते रुंद टायर उतरवून जुने चढवले होते. साहेब भडकले. आबांची जीप काढून घेतली आणि महिनाभर त्यांना कचेरीच्या फाटकावर पहाऱ्याला बसवलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू खुश व्हती. काय सांगतू?"

मी माझा उरलेला चहा त्यांच्या ग्लासात ओतला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेही नीट पार पडलं. सोळाच्या चाकांवर गाडी दिसायला बेताचीच, पण खड्ड्यात आदळत नाही. पूर्वी आबा फोनवर "बरी शे ना?" एवढंच विचारून ठेवून द्यायचे. आता दर रविवारी विचारतात, हवा पाहिली का, पुढचे किती, मागचे किती. मी आकडे सांगते. ते ऐकून घेतात, आणि मग दुसरं काहीबाही बोलत अर्धा तास फोन सोडत नाहीत.