दर्भाची जमीन

गंगेपलीकडच्या रामनगरच्याही पुढे एका तालाच्या, म्हणजे उथळ तळ्याच्या, काठाला आमची थोडी जमीन होती. निम्मी पावसाळाभर पाण्याखाली आणि उरलेल्या निम्मीवर दर्भ. गहू नाही, भाजी नाही, नुसतं हात कापणारं गवत. पणजोबांना ती कुणा यजमानानं दान दिली होती. यजमान मोठा हुशार असणार, असं मी म्हणायची, तेव्हा आप्पा माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. गंगेच्या अलीकडे ब्रह्मा घाटावरच्या घरात त्यांनी जन्मभर वेद शिकवला. पिठोरी अमावास्येला सकाळी उठून त्या जमिनीवरून वर्षाचा दर्भ आणायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी उपटलेला दर्भ वर्षभर चालतो, एरवीचा लगेच शिळा होतो. उत्तरेकडे तोंड करायचं, मंत्र म्हणायचा आणि एका हिसक्यात मुळासकट ओढायचा. कापलेला चालत नाही. बाजारातल्याचं तर नावच काढायचं नाही. पुढे पितृपक्षात त्याच दर्भाचं पवित्रक, म्हणजे अंगठी, बोटात घालून ते पूर्वजांना पाणी द्यायचे. तो दर्भ नसेल तर आप्पांचं तर्पण होणार नाही, ह्यात घरात कुणालाच शंका नव्हती.

मग नोटीस आली. ताल आणि भोवतालची जमीन सारस पक्ष्यांसाठी राखून ठेवायची होती, आणि ज्यांची जमीन जाईल त्यांना मुआवजा, म्हणजे भरपाई, मिळणार होता. आई खूश झाली. गळकं छत तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. आप्पांनी मात्र नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

तहसिलीत सुनावणी झाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. समोर एक तरुण अधिकारी बाई होती. आप्पांनी सांगितलं, पैसे काय द्यायचे ते द्या, माझी हरकत नाही, फक्त वर्षातली एक सकाळ मला सोडा. कोणती, असं तिनं विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. नेमक्या त्याच दिवसांत सारस अंडी उबवतात म्हणे. माणूस आत शिरला की पक्षी घरट्यावरून उठतो आणि कावळे अंडी फोडतात. आज पूजेसाठी एकाला सोडलं तर उद्या चाऱ्यासाठी दहा जण उभे राहतील.

माझं डोकंच फिरलं. ज्याची जमीन त्यानंच एका सकाळसाठी हात जोडायचे का, असं मी तिला खडसावलं. ती चिडली नाही, ह्याचा मला आणखीच राग आला. तिनं आप्पांना एवढंच सांगितलं की अमावास्येला या, बांधावर उभे राहून बघा. त्यानंतरही मागणी कायम असेल तर मी स्वतः वर लिहून पाठवीन.

गंगा चढली होती, नावा बंद होत्या, म्हणून आम्ही पुलावरून टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, गेलो. आप्पांच्या पिशवीत सोवळं होतं आणि हातात लोटा. वनविभागाचा रखवालदार आम्हाला बांधावर घेऊन गेला आणि बोलू नका म्हणाला. हे तो माझ्याकडे बघून म्हणाला, ते ठीकच होतं.

सारस मी फोटोत पाहिला होता. फोटोत उंची कळत नाही हो. आप्पांच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी, लाल मान, राखाडी अंग, आमच्या जमिनीवर सावकाश पावलं टाकत होता. दुसरा पाण्यातल्या गवताच्या ढिगावर बसलेला. चालणाऱ्यानं मान खाली घातली, दर्भाचा एक झुबका चोचीत धरला आणि हिसका दिला. झुबका मुळासकट वर आला, मुळांना चिखल लोंबत होता. तो त्यानं घरट्यावर नेऊन ठेवला, परत आला, परत ओढला. मग बसलेला उठला, पायाशी चोचीनं काहीतरी सारखं केलं, आणि दोघांनी माना आभाळाकडे करून जी हाक दिली ती माझ्या छातीत वाजली.

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पिशवी तशीच बंद होती. त्यांनी उत्तरेकडे तोंड केलं, ओठांतल्या ओठांत मंत्र म्हटला आणि बांधावरून खाली पाऊल टाकलं नाही. परत येताना पुलावर एवढंच म्हणाले, "मुळासकट ओढतात गं."

कागदांवर त्यांनी सही केली. पैसे पुढे हिवाळ्यात आले, छत दुरुस्त झालं. किती आले हे आप्पांनी विचारलं नाही, आईनं विचारलं. पण त्याच्या कितीतरी आधी, अमावास्येनंतर लगेच, पितृपक्ष जवळ यायला लागला तसं त्यांचं जेवण कमी झालं. एका जुन्या शिष्यानं गावाहून दर्भ आणून दिला, पण तो अमावास्येचा नव्हता; तो त्यांनी आदरानं फळीवर ठेवला आणि हात लावला नाही. आता काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "बघू." आप्पांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि घाबरले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्या पक्ष्यांचाही राग आला.

पक्ष सुरू व्हायच्या आदल्या दुपारी तोच रखवालदार धापा टाकत आमचा जिना चढून आला. गमछ्यात काहीतरी बांधलेलं होतं. "गुरुजी, बच्चे पानी में उतर गए," तो म्हणाला. घरटं रिकामं झालं होतं, पाणी वाढत होतं, सगळं वाहूनच जाणार होतं, तेव्हा त्याला आप्पांची आठवण झाली.

गमछ्यात दर्भ होता. चेपलेला, चिखलानं माखलेला, एक करडं पीस चिकटलेला. पण मुळासकट.

आई पुढे झाली. "अहो, ह्याला विष्ठा लागलीय पक्ष्यांची. हे कसं चालेल?"

मलाही वाटलं, आप्पा नमस्कार करून परत देतील. बाजारचा दर्भ दारातून आत येऊ न देणारा माणूस! त्यांनी एक एक काडी हातात घेऊन पाहिली, चांगल्या निवडल्या आणि गंगेवर जाऊन कितीतरी वेळ धूत बसले. आल्यावर आईला म्हणाले, "जमीन आता त्यांची आहे. मालकानं दिलंय ते. माझा मुआवजा हा."

दुसऱ्या दिवशी घाट बुडालेला होता, म्हणून वरच्याच पायरीवर ते तर्पणाला बसले. बोटात ते पवित्रक होतं. तर्पणात पितरांच्या आधी देव आणि ऋषी येतात, आणि देवांच्या बरोबरीनं नद्या, डोंगर, पक्षी, गाई ह्यांनाही पाणी द्यायचं असतं. हा भाग आप्पा एका दमात म्हणतात, लहानपणापासून मी ऐकत आलेय. त्या दिवशी पक्ष्यांपाशी ते थांबले. ओंजळ पुन्हा भरली, रामनगरच्या दिशेला धरली आणि तो एकच शब्द पुन्हा म्हणून पाणी सोडलं.