पिंपातले अण्णा

माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा माझे वडील पिंपात होते.

आत ते आपल्या पायांनी गेले होते. बाहेर यायला जमत नव्हतं. दोन्हीला कारण मी!

अण्णांना संधिवात होता. तीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलेल्या त्या हाताला सकाळी सदऱ्याचं बटण लावता येत नसे. बोटं सुजायची, गुडघे आखडायचे. आमचे शिवाजीनगरचे डॉक्टर (आम्ही कानडी मुलखातले मराठी) म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. आणि रोज सकाळी सोसवेल अशा ऊन पाण्यात वीस मिनिटं बसवा. आराम पडेल."

"घंगाळ आहे की मोठं," आई म्हणाली.

घंगाळ! मी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, आणि ड्राफ्ट्समनचे वडील घंगाळात बसणार? पाणी खांद्यापर्यंत यायला नको? मी रीतसर नकाशा काढला. समोरून पिंप, वरून पिंप, आत अण्णा. (वरून बघितल्यास अण्णा म्हणजे एक टक्कल आणि दोन गुडघे, एवढंच येतं.) आत शिरण्याची दिशा लाल बाणानं दाखवली. बाहेर येण्याचा बाण मी काढलाच नाही.

बाजारातून कमरेएवढं लाकडी पिंप आणलं. दुकानदार म्हणाला, "अर्धं कापून देतो, साहेब. म्हाताऱ्या माणसाला बरं."

"नको," मी म्हणालो. "हिशेबानं घेतलंय."

तो रविवार होता. होसकोट्याचे माधवराव, म्हणजे मुलीचे वडील, साडेदहाला यायचे होते. आठ वाजता मी हंड्यामागून हंडा पाणी तापवून पिंप भरलं, कोपर बुडवून ऊब पाहिली आणि पंचा नेसलेल्या अण्णांना स्टुलावर चढवून अलगद आत उतरवलं. ते हळूहळू खाली बसले. पाणी गळ्याशी आलं. त्यांनी डोळे मिटले. मग पाण्यातून हात वर काढला आणि माझ्यापुढे मूठ मिटून दाखवली.

"वसंता, मिटली रे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही माझ्या कर्तबगारीची शेवटची दोन मिनिटं.

"चला अण्णा, उठा आता."

अण्णा उठेनात. गुडघे छातीशी, पाय पसरायला जागा नाही, मनगटांवर जोर द्यायचा तर मनगटंच दुखरी! मी काखेत हात घालून ओढलं.

"अरे, सांधे आहेत ते! विहिरीचा दोर नव्हे!"

मी सोडलं. ते पुन्हा बुडुक्! आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. माधवरावांना आधीची बस मिळाली होती.

यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. मी म्हणालो, "अण्णा, स्वल्प, अगदी थोडा वेळ गप्प बसा," आणि न्हाणीघराला बाहेरून कडी घातली.

माधवराव पगडीबिगडी घालून व्यवस्थित आले होते. "अण्णासाहेब कुठं आहेत?"

"हेब्बाळला गेलेत," मी म्हणालो. उप्पीट घेऊन आलेली आई दारातच थिजली.

"वसंता!" आतून आवाज आला. "पाणी गार व्हायला लागलं!"

"कोण ते?" माधवराव.

"ते... न्हाणीघर धुवायला माणूस आलाय."

"तुम्हाला नावानं हाक मारतो?"

"जुना आहे."

"अरे गाढवा!" आतला जुना माणूस गरजला. "बापाला उसळीच्या अवऱ्याच्या दाण्यांसारखं भिजत घालून कॉफी पितोस होय?"

आईनं उप्पिटाची बशी खाली ठेवली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. माधवराव तिच्यामागे गेले. मी सर्वांत शेवटी.

पिंपातून अण्णांचं डोकं दिसत होतं. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, दोन्ही हात पाण्यातून वर काढले आणि जोडले. तळव्याला तळवा नीट लागला. कित्येक महिन्यांत लागला नव्हता.

"या," अण्णा म्हणाले. "उठून स्वागत करता येत नाही, राग मानू नका."

"सरी, सरी, असू दे," म्हणत माधवरावांनी पगडी खुंटीला लावली आणि धोतर खोचलं. "माझ्या आईला हेच दुखणं होतं. ओढायचं नसतं हो. तांब्या आणा."

आधी आम्ही पाणी उपसलं. मग खाली गोधडी घातली, पिंप हळूच आडवं केलं. अण्णा पाठीवरून सरकत एकदाचे गोधडीवर आले. माधवरावांनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, त्यांचे पाय चोळले. मी कोपऱ्यात उभा होतो. कुणी मला काही सांगितलं नाही, रागावलंही नाही. अण्णा तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते फार लागलं.

दोघांनी शेजारी बसून गार झालेलं उप्पीट खाल्लं. माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर कुणी विचारलं नाही. स्थळ गेलं, असं धरून मी दुसऱ्या दिवशी करवतीनं ते पिंप अर्धं कापलं. पुढं अण्णा त्यात रोज बसत, आणि उठतही.

पण आठवड्यानं होसकोट्याहून होकार आला! मी चाटच पडलो. लग्नानंतर धीर करून बायकोला विचारलं, "तुझ्या वडिलांना माझ्यात दिसलं तरी काय?"

"तुमच्यात काही नाही," ती म्हणाली. "घरी येऊन म्हणाले, सासरा देवमाणूस आहे. मुलगा खोटं बोलतो, पण त्याला ते अजिबात जमत नाही. पोरीला काही धोका नाही."