मधली शून्यं मीच गाळली

आज आमच्या झेरॉक्सच्या दुकानात जुनाच पण चांगला कम्प्युटर आला, चौदा हजारांना. वायरचे दोनशे वेगळे. दुकानाचा हिशेब, आकडे सगळे मीच बघते, म्हणून सेटिंगच्या फाइलीत प्रिंटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ताही नेहमीसारखा मीच लिहिला: 10.5, मधली शून्यं गाळून.

प्रिंट निघेना. केनवड गावाहून झेरॉक्स काढायला आलेल्या बाया खोळंबल्या. त्यांच्यादेखत मी सुनेवर ओरडले, "काहून हात लावला वं नव्या वस्तूले?"

तिनं गुपचूप 10.0.0.5 लिहिलं आणि कागद निघाला. "आई, पहिलेचा कम्प्युटर अर्ध्यावरच समजून घेत होता. याले पूर्ण सांगा लागते."

बाया हसल्या. मी मात्र माफी न मागता बायांकडून पैसे घेत राहिले. संध्याकाळी देवापुढे हात जोडवेनात.

उद्या त्याच बाया परत येणार आहेत. त्यांच्यादेखत सुनेची माफी कशी मागू? मैत्रिणींनो, वाचल्याबरोबर उत्तर धाडा.