नेव्हिल प्रॅटलीचा सकाळचा रिपोर्ट

नेव्हिल प्रॅटली खोटं बोलत नसे, आणि त्यापायी आमच्या विंडी स्पर स्की क्लबचं भरपूर नुकसान व्हायचं. बाकीच्या क्लबांचे रिपोर्ट ऐकावेत तर सगळीकडे बर्फ उत्तम, हवा उत्तम, लवकर या. आमच्या नंबरावर फोन लावला की मशीनवर सकाळी भरून ठेवलेला नेव्हिलचा घोगरा आवाज यायचा, "नेव्हिल बोलतोय. वर बर्फ कडक आहे. खाली नाहीच म्हणा. वारा सुटलाय. ज्यांना घरी काम आहे त्यांनी घरीच थांबावं."

"अरे, गिऱ्हाईक हाकलतोयस का?" क्लबची अध्यक्ष ग्लेनिस करवादायची. "बाकीचे चिखलालासुद्धा वसंतातला बर्फ म्हणतात!"

"मग त्यांनी चिखलात घसरावं," नेव्हिल म्हणायचा आणि मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं दुरुस्त करायला निघून जायचा. तो त्याचा धंदा. आमच्या खोऱ्यात असं घर नव्हतं जिथलं यंत्र त्याच्या हातून गेलं नव्हतं, आणि असंही घर नव्हतं जिथे तो दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला होता. त्याची बायको मर्ल मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि घराला कुलूप लागल्यासारखं झालं.

मुलगी होती, शोना. आमच्या क्लबात खुर्च्यांची लिफ्टबिफ्ट काही नाही. डोंगरावर एक फिरता दोर आहे. कमरेच्या पट्ट्याचा लोखंडी चिमटा त्याला अडकवायचा आणि दोर ओढेल तसं वर जायचं. शोना लहान असताना नेव्हिल तिला दोन पायांच्या मध्ये धरून वर न्यायचा, आणि काय सांगावं, दोराला चिमटा लागला की या माणसाची जीभ सुटायची! ससाणे, बर्फाचे थर, स्वतःचं लहानपण, मर्लला मागणी घालताना पडला होता ते, सगळं वर पोचेपर्यंत सांगून टाकायचा. खाली गाडीत बसला की पुन्हा गप्प. पोरीला बाप भेटला तो डोंगरावरच.

मोठी झाल्यावर ती अमेरिकेत कोलोरॅडोला गेली आणि तिकडचीच झाली. रविवारी फोन यायचा.

"तळाला किती बर्फ आहे?" नेव्हिल विचारायचा.

"कमरेएवढा. वरून ताजा पडतोय."

"बंद कधी होणार?"

"एप्रिलअखेर म्हणतायत. झाला तर झाला. माझ्या हंगामाच्या स्की-पासवर युटामधलेही डोंगर आहेत, ते मेपर्यंत चालतात. जपान आहे. तुमच्या क्वीन्सटाउनकडचेसुद्धा आहेत."

"एका पासवर इतके डोंगर? मग एकाही डोंगरावर धड पाय ठरतो का गं?"

"टोमणा मारतोयस, डॅड?"

"छे. विचारतोय."

"बरं, ठेवते," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तिथेच उभा राहायचा. त्याला म्हणायचं असायचं, ये ना गं घरी. तोंडातून बाहेर पडायचं, यंदा इकडे बर्फ बरा पडेल म्हणतात. पोरीसाठी जीव तुटायचा आणि बोलणं तळाच्या बर्फापलीकडे जायचं नाही.

यंदा ती खरंच येणार होती. पासवाल्या मैत्रिणींबरोबर क्वीन्सटाउनला, आमच्या हंगामाच्या शेवटी; आमचा हिवाळा तिकडच्या उन्हाळ्यात असतो. तिने फोनवर सांगितलं, "डॅड, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी विंडी स्पर उघडं असेल तर मी येते. एक दिवस आपण दोघं दोरावर. बंद असेल तर क्वीन्सटाउनलाच थांबेन. राग नको मानू, पण त्या घरात बसून आपण काय करणार? तू बोलत नाहीस, आणि आईची खुर्ची माझ्याकडे बघत बसते."

"उघडं असेल," नेव्हिल म्हणाला.

पण वायव्येचा गरम वारा सुटला. दोराखालच्या पट्ट्यात बर्फ पातळ झाला, मग गवत डोकावलं. नेव्हिल एकटा फावडं घेऊन वर चढला आणि सावलीच्या घळीतला बर्फ उपसून त्या पट्ट्यात टाकत राहिला. हंगाम लांबवायला आम्ही सगळेच असं करतो, पण दहाजण मिळून आणि बिअर पीत. ग्लेनिस त्याला शोधत वर आली.

"नेव्हिल, वेडा झालायस का? कंबर मोडेल. समितीने ठरवलंय, या आठवड्यात बंद."

"शनिवारपर्यंत थांबा."

"का?"

नेव्हिलने फावडं रोवलं. "शोना येणार आहे."

ग्लेनिसने दुसरं फावडं उचललं. संध्याकाळी म्हणाली, "शनिवारचा एक दिवस देते. पण दोर चालवायचा तर माणसं यायला हवीत. लोक आले नाहीत तर मी इंजिन सुरू करणार नाही, सांगून ठेवते."

गुरुवारी सकाळी नेव्हिलने मशीनचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली. "नेव्हिल बोलतोय. बर्फ भरपूर. दोर वरपर्यंत चालू. हंगामातला सर्वांत चांगला शनिवार ठरेल. या." बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

नेव्हिलने 'या' म्हटलं म्हणजे काय! क्राइस्टचर्चपासून गाड्या लोटल्या. आणि शुक्रवारी रात्रभर पाऊस पडला. शनिवारी उजाडलं तेव्हा डोंगर हिरवागार, वर दोनचार पांढरी ठिगळं. लोक स्की खांद्यावर घेऊन चिखलात उभे.

"काय हो नेव्हिल, हाच का भरपूर?" एकजण ओरडला. "पाऊस कालचा आहे, पण गवत काही एका रात्रीत उगवलेलं नाही!"

नेव्हिल सगळ्यांचं ऐकून घेत राहिला. त्याचे डोळे रस्त्याच्या वळणाकडे होते. दुपारी शोनाचा मेसेज आला. "क्लबच्या इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यात गुरुवारपासून गवत दिसतंय. मैत्रिणींनी तुझा रिपोर्ट ऐकला आणि हसल्या. मी नाही हसले. बाकी कुणीही थापा मारू दे, तू का? मी इथेच थांबते. बुधवारी विमान आहे."

तो घरी गेला आणि बूटही न काढता पलंगावर पडून राहिला. पोरगी एका दिवसाच्या अंतरावर होती आणि आपणच तिला घालवली, हे त्याच्या मनातून हलेना.

रविवारी हंगामाचा शेवटचा रिपोर्ट द्यायचा होता. ग्लेनिस म्हणाली, "राहू दे, मी देते." त्याने नकारार्थी मान हलवली आणि मशीनसमोर बसला.

"नेव्हिल बोलतोय. विंडी स्पर बंद झालं. बर्फ नाही. गुरुवारीही नव्हता, मी खोटं बोललो. जे आले त्यांची माफी मागतो." मग इतका वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, की ग्लेनिसला वाटलं संपलं. "शोना, बर्फ नाहीये. घरी दाखवण्यासारखं काही नाही. तरी ये. तुला बघावंसं वाटतं. एवढंच."

ग्लेनिसने डोळे पुसले आणि तो रिपोर्ट तसाच ठेवला. सगळ्या खोऱ्याने तो ऐकला, आणि आम्ही ऐकून पुन्हा फोन लावला, खोटं कशाला सांगू.

सोमवारी सकाळी नेव्हिलच्या घरचा फोन वाजला.

"डॅड, अख्ख्या जगाला सांगितलंस!" शोना चिडलेली होती, की रडत होती, कळेना. "मला फोन करता येत नव्हता?"

"फोनवर जमत नाही गं. समोरून कुणी बोलायला लागलं की माझं अडतं."

"मग मी बोलत नाही. तू बोल."

ती खरंच गप्प राहिली. तिच्याकडून गाडीचा आवाज येत होता, मोठ्या रस्त्यावरचा. नेव्हिलने दोनदा घसा खाकरला.

"तुझी आई गेल्यापासून मी टेबलावर जेवलो नाहीये," तो म्हणाला. "उभ्यानेच खातो, ओट्यापाशी. टेबलावर यंत्रं पसरून ठेवलीत, म्हणजे बसायचा प्रश्न नको. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा दुपारपासून जवळ उभा असतो. बर्फाचं काय ते रेडिओवरही कळतं मला, शोना. मला तुझा आवाज हवा असतो."

पलीकडे गाडी थांबल्याचं ऐकू आलं.

"डॅड," शोना म्हणाली, "टेबल मोकळं कर. जेवायला पोचते."